पाल्हाळ, चऱ्हाट, गुऱ्हाळ : पुस्तकाला कुठला शब्द लावायचा?

परवा ऐरोलीहून ठाण्याला येताना ट्रेनमध्ये मैत्रिणीशी वाद झाला, तो डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथे विचारतेय. तिला मी गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' वाचायला दिलेलं, तिने अर्ध्यातच परत केलं आणि म्हणाली, "फार पाल्हाळीक आहे गं." मला ते लागलंच. पुस्तक भराभर पुढे सरकलं नाही की आपण सरसकट पाल्हाळीक म्हणून मोकळे होतो.

माझ्या मते पाल्हाळ म्हणजे मुद्दा राहतो बाजूला आणि बोलणं नुसतं पसरत जातं, नमनाला घडाभर तेल. गोडसे भटजी तसे नाहीत हो. आपल्या पेणजवळच्या वरसईचा हा माणूस, घरची ओढाताण म्हणून दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघतो आणि १८५७च्या धामधुमीत थेट झाशीत अडकतो, आणि एवढं सगळं सोसून शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी येतो. मग दक्षिणा कुठे किती मिळाली हे त्याने सांगितलं तर तो फाटा कसा? तो त्यासाठीच तर निघालेला! याला संथ म्हणा, बारकाईचं म्हणा, पण पाल्हाळ नको.

उलट 'मृत्युंजय' मी दोनदा वाचलंय, कर्णासाठी रडलेय, तरी स्पष्ट सांगते, त्यात पाल्हाळ आहे. साधा सूर्य उगवला तरी उपमेवर उपमा, आणि कर्ण, कुंती, शोण, कुणीही बोलायला लागलं तरी भाषा तीच फुलोऱ्याची.

चऱ्हाट वेगळं. चऱ्हाट म्हणजे जाड दोर, तेच तेच पीळ घालून लांबवलेलं. सवयी बदला, पहाटे उठा छापाची जी भाषांतरित पुस्तकं असतात त्यांना हा शब्द फिट्ट बसतो. तसलंच एक हाती आलं होतं, त्यात तिसऱ्या प्रकरणाच्या समासात कुणीतरी शिसपेन्सिलीने "चऱ्हाट" लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, आणि खरंच, पुढची सगळी प्रकरणं म्हणजे पहिल्याचीच उजळणी होती.

गुऱ्हाळ मात्र पुस्तकाला नको वाटतं, त्याला माणसं लागतात, चर्चेचं गुऱ्हाळ. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद : पाल्हाळ आणि चऱ्हाटातला फरक पटला. पण पाल्हाळिक की पाल्हाळीक? आणि 'स्मृतिचित्रे'चं काय, त्या आत्मचरित्रात लक्ष्मीबाई टिळक तर किती फाटे फोडतात!

उत्तर : सामाजिक, ऐतिहासिक हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले म्हणून ऱ्हस्व. पाल्हाळ मराठी, तेव्हा शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, बारीक-गरीबसारखं. म्हणून मी पाल्हाळीक लिहिते. आणि लक्ष्मीबाई फाटे फोडतात हे खरं, पण वडिलांचं ते टोकाचं सोवळं त्या सांगायला लागल्या की मला अख्खं घर दिसतं, त्यातलं एक वाक्य काढायला माझा तरी हात धजणार नाही. गप्पिष्ट म्हणेन मी त्यांना, मनापासून.

प्रतिसाद : आमची आजी 'लांबण लावली' म्हणायची, तो कुठे बसवाल?

उत्तर : अरे वा, हा राहिलाच होता! गोष्ट संपलेली असते आणि लेखक काही उठत नाही, तिथे लांबण. परवाच संपवलेल्या एका रहस्यकथेत खुनी सापडल्यावर चाळीस पानं होती, मी त्याला उगाच पाल्हाळ म्हणत होते.