लाकडावरचा आउटडोअर बॉयलर सात वर्षांत गळायलाच हवा का?

उत्तरवारा (सिराक्यूसजवळ, न्यूयॉर्क)

गेल्या आठवड्यात माणदेशी यांनी येथे लिहिले की अंगणातला लाकडावरचा बॉयलर, म्हणजे जमिनीखालच्या पाइपाने घरात गरम पाणी पाठवून थंड झालेले परत घेणारी भट्टी, ही सहा-सात वर्षांचीच वस्तू आहे, कंपन्या पत्र्यात फसवतात आणि देखभाल केली काय, न केली काय, शेवट एकच. पहिल्या दोन मतांवर मी वाद घातला नसता. तिसऱ्यावर मात्र गप्प राहवत नाही, कारण ते वाचून यंदाच बॉयलर घेतलेला एखादा माणूस पाण्याची तपासणी सोडून देईल.

माझा बॉयलर साध्या पोलादाचा, पाव इंची पत्र्याचा आहे आणि त्याने सतरा हिवाळे काढले आहेत. आतून जाळ आणि बाहेरून पाणी अशा दोन्ही बाजूंनी त्या पत्र्यावर मारा होत असतो. हे बॉयलर बहुतेक उघड्या पद्धतीचे असतात, म्हणजे पाण्यावर दाब नसतो आणि वरच्या नळीतून हवा आत येते. त्या हवेतला प्राणवायू पाण्यात उतरतो आणि पोलादाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडत जातो. म्हणून पाण्यात गंजरोधक औषध घालायचे, त्यातल्या नायट्राइटचे प्रमाण आणि पाण्याचा सामू वर्षातून किमान एकदा तपासायचे, आणि औषध कमी झाले असेल तर पुन्हा भरायचे. दुसरी गोष्ट राखेची. मे महिन्यात आग विझवल्यावर राख तशीच ठेवली, तर ती उन्हाळाभर दमट हवेतली ओल धरून बसते आणि तळाचा पत्रा खाते. मी शेवटच्या दिवशी राख खरवडून काढतो, भिंतीवरचे क्रिओसोट, म्हणजे धुराचा डांबरासारखा थर, उतरवतो, आत तेलाचा हात फिरवतो आणि चिमणीवर टोपण घालतो. या कामाला एक शनिवार जातो.

माणदेशी (मिशिगन)

तुमच्या लेखाचा सरळ अर्थ असा निघतो की ज्यांचे बॉयलर गळले ते सगळे आळशी होते. मी दरवर्षी पाण्याचा नमुना कंपनीकडे पाठवला आणि दरवर्षी अहवाल चांगला आला. राख मी कधीही ठेवली नाही. तरीही सहाव्या हिवाळ्यात, जानेवारीत, बाहेर उणे १२ अंश फॅरनहाइट असताना फायरबॉक्सच्या, म्हणजे लाकडे जळतात त्या कोठीच्या, मागच्या भिंतीतून पाणी झिरपू लागले, आणि घरात सत्तरी ओलांडलेली आई होती. तीन रात्री आम्ही विजेच्या हीटरवर काढल्या. वॉरंटी २५ वर्षांची होती. पण एका वर्षाच्या तपासणीची पावती माझ्याकडे नव्हती, म्हणून त्यांनी हात वर केले. पंचवीस वर्षांचे आश्वासन एका कागदाच्या चिठोऱ्यावर मोडत असेल, तर ते आश्वासन कशाचे?

वेल्डिंगवाला (विस्कॉन्सिन, मूळ नाशिक)

पत्र्याच्या जाडीबद्दल सगळे बोलतात, धातूबद्दल कोणी बोलत नाही. मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात टाक्या आणि बॉयलर जोडण्यात अकरा वर्षे घालवली आहेत. स्टेनलेस म्हटले की लोकांना ३०४ ही प्रत आठवते, कारण घरातली भांडी त्याची असतात. परंतु ३०४ तापल्यावर साध्या पोलादापेक्षा बरेच अधिक प्रसरण पावते, आणि पाण्यात क्लोराइड असेल तर वेल्डच्या कडेला ताण साचून त्याला तडे जातात. म्हणून काही उत्पादक स्टेनलेसचीच ४०९ ही प्रत वापरतात. त्यावर वरवरचा तांबूस गंज दिसतो आणि ग्राहक घाबरतो, पण तसे तडे त्याला सहसा जात नाहीत. माणदेशी, तुमचे गळणे वेल्डवर होते की सपाट पत्र्यावर?

माणदेशी

सपाट पत्र्यावर, आगीच्या बाजूने खाल्लेला, परतीचा पाइप आत येतो त्याच्या वीतभर वर.

उत्तरवारा

आगीच्या बाजूने असेल, तर पाण्याच्या अहवालातून ते कळलेच नसते. परत येणाऱ्या पाण्याचे तापमान कधी मोजले होते का? ते १४० अंश फॅरनहाइटखाली गेले की त्या भागातला पत्रा थंड राहतो, धुरातली वाफ आणि आम्ल त्यावर थिजते, आणि पत्रा आतून कुरतडला जातो. ओली लाकडे जाळली तर हे आणखी वेगाने होते.

सावली (व्हर्माँट)

टिकाऊपणाची ही चर्चा वाचताना मला राग येतो आहे. आमच्या शेजाऱ्यांचा बॉयलर एकवीस वर्षांचा आहे आणि ते त्याचा अभिमान बाळगतात. ऑक्टोबरमध्ये घराला उष्णता फारशी लागत नाही, बॉयलरची हवेची झडप बंद होते, आतली लाकडे धुमसत राहतात आणि तो धूर आमच्या अंगणात जमिनीलगत पसरतो. माझ्या मुलाला दमा आहे, त्यामुळे शरद ऋतूत आम्ही खिडकी उघडू शकत नाही. संघराज्याच्या पर्यावरण संस्थेचे नियम २०१५ साली आले, आणि मे २०२० पासून नव्या बॉयलरला दर दशलक्ष बीटीयू (उष्णतेचे एकक) मागे धुरातल्या कणांची ०.१० पौंडांची मर्यादा लागली. परंतु आधी बसवलेले बॉयलर त्यातून सुटले. जो बॉयलर वीस वर्षे टिकतो, तो वीस वर्षे धूरही सोडतो.

उत्तरवारा

सावलीताई, माझा बॉयलर त्याच जुन्यांपैकी आहे, त्यामुळे तुमचे म्हणणे मला लागले आणि ते नाकारता येत नाही. न्यूयॉर्कने २०११ साली नव्या घरगुती बॉयलरसाठी हद्दीपासून १०० फूट अंतर आणि १८ फूट उंच चिमणी सक्तीची केली. माझे अंतर त्याहून बरेच जास्त आहे. एवढे मात्र सांगतो की तुम्हाला त्रास देणारे धुमसणेच त्या पत्र्यालाही खाते. म्हणून मी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आग पेटवतच नाही.

कोकणकडा (न्यू जर्सी)

आजोळी रत्नागिरीला आमचा तांब्याचा बंब चाळीस वर्षे रोज पेटत होता. आजी रोज राख काढायची आणि चिंचेने बंब घासायची. तुमच्या औषधांची कधी गरज पडली नाही.

वेल्डिंगवाला

बंबाची तुलना येथे लागू पडत नाही. तांबे पोलादासारखे गंजत नाही. शिवाय बंबात रोज नवे पाणी पडते, म्हणून त्याचे दुखणे क्षारांच्या थराचे असते. येथे तेच पाणी वर्षानुवर्षे फिरते आणि दुखणे प्राणवायूचे असते. आजींची रोज राख काढण्याची शिस्त मात्र दोन्हीकडे सारखीच कामाची आहे.

माणदेशी

काल परतीच्या पाइपावर तापमापक बांधला. १२६ अंश. बॉयलरवर १७०चा आकडा दिसत असताना.

वेल्डिंगवाला

मग जमिनीखालचा पाइप कोणता आहे ते सांगा. काळ्या नालीदार नळीत फुगे असलेली चंदेरी गुंडाळी आणि आत पेक्सच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, दोन नळ्या, असाच असेल. पुरलेल्या जागेवर बर्फ टिकतो का?

माणदेशी

नाही, तेथे सहा वर्षे बर्फाशिवाय हिरवी पट्टी दिसते. मुले तिला रस्ता म्हणतात. पाइप तुम्ही म्हणता तसाच आहे, १२० फूट. बसवणाऱ्यानेच तो सुचवला आणि पूर्ण फोम भरलेला पाइप म्हणजे पैशांची उधळपट्टी आहे असे सांगितले.

वेल्डिंगवाला

हे वाचून वाईट वाटते. त्या नळीत एकदा भूजल शिरले की तुम्ही जमीन तापवत असता. हिशेब सांगतो. मिनिटाला ५ गॅलन पाणी जात असेल आणि जातानाच ८ अंश उतरत असतील, तर तासाला २०,००० बीटीयू मातीत जातात. एका कॉर्ड (रचलेल्या लाकडाचे माप) मेपलमधून जुन्या बॉयलरने १ कोटी २० लाख बीटीयू घराला दिले असे धरा. सहा महिन्यांत सात कॉर्ड केवळ जातानाच्या पाइपाने खाल्ले. परतीचा पाइप वेगळा.

कोकणकडा

आठ अंश हा आकडा तुम्ही गृहीत धरलात. न बघता दुसऱ्याच्या अंगणाचा निकाल देऊ नये.

वेल्डिंगवाला

बर्फ वितळलेली पट्टी मी गृहीत धरलेली नाही. आकडा चार अंश निघाला, तरी साडेतीन कॉर्ड उरतात, आणि ते लाकूड फोडणारे हात माणदेशी यांचे आहेत.

माणदेशी

मी हिवाळ्याला सतरा कॉर्ड जाळतो आणि शेजारी तेवढ्याच घराला नऊ. आजवर मला वाटत होते की माझे लाकूड वाईट आहे.

शनिवारी बॉयलरच्या बाजूला चार फूट खणले. नळीचे तोंड कापताच कोमट पाणी बाहेर आले, बादली भरली. पाइपाबाबत तुमचे खरे आहे, हे मला मान्य करावे लागते, आणि उत्तरवारा यांचा परतीच्या पाण्याचा मुद्दाही. पण देखभालीने फरक पडतो, या त्यांच्या मूळ दाव्याला मी अजून पूर्ण होकार देत नाही. मी पुस्तिकेतली प्रत्येक सूचना पाळली. १४० अंशांचा उल्लेख तीत फक्त एकदा, पाइपाच्या आकृतीखाली बारीक अक्षरांत आहे, आणि बसवणाऱ्याने परतीच्या वाटेवर तापमान राखणारी झडप बसवलीच नाही. ज्याला हे सांगितलेच नाही, त्याने ते सांभाळले नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे.

उत्तरवारा

ते अन्यायाचे आहे, आणि माझ्या पहिल्या मजकुरात मी परतीच्या तापमानाबद्दल एक वाक्यही लिहिले नव्हते. तुमच्याबाबत मी घाईने बोललो. नवा बॉयलर घेतलात तर झडप आणि फोमचा पाइप आधी, बाकी खर्च नंतर.

माणदेशी

गॅसिफिकेशनचा, म्हणजे लाकडातून निघणारा वायूही जाळणारा बॉयलर घेतो आहे. त्याला २० टक्क्यांच्या आसपास ओल असलेले लाकूड लागते, म्हणून यंदा फोडलेली लाकडे पुढच्या वर्षीसाठी छपराखाली रचली आहेत. एप्रिलपर्यंत दोन्ही पाइपांची तापमाने येथे लिहीन.

सावली

चिमणी किती उंच ठेवणार, तेही लिहा.