मदत हवी आहे: तीन गट, तीनदा टी-टेस्ट?

नमस्कार मंडळी. एमडीच्या थिसिसचं गाडं अ‍ॅनालिसिसवर अडलंय. तीन गटांतले रुग्ण किती दिवस वॉर्डात राहिले, याची तुलना करायची आहे. बहुतेक जण आठवड्याच्या आत घरी गेले, पण काही बिचारे महिनाभर खाटेवर. त्यामुळे आलेखाला उजवीकडे लांबलचक शेपूट आलंय.

सर म्हणतात, दोन-दोन गट घे, तीनदा टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीची तुलना करणारी चाचणी) लाव, विषय संपला. मला पटत नाही. दरवेळी ५ टक्के चुकीची मुभा, म्हणजे चाचण्या स्वतंत्र धरल्या तरी एकदा तरी खोटा फरक दिसण्याची शक्यता १४ टक्क्यांवर जाते ना? (सरांना हे सांगायची हिंमत नाही, ते सोडा.)

म्हणून क्रुस्कल-वॉलिस लावली (सगळ्या गटांची एकदम तुलना करणारी, सरासरीऐवजी आकड्यांच्या क्रमावर चालणारी चाचणी). पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही योगायोगाने इतका किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) ०.०३. मग नेमका कोणता गट वेगळा हे बघायला डन टेस्ट (जोडी-जोडीने तुलना), वर बॉन्फेरोनी करेक्शन (अनेक चाचण्यांमुळे निकष कडक करणं), तर एकही जोडी ०.०५ च्या खाली येईना! असं होऊ शकतं, की माझंच काही चुकलंय?

आणखी एक. दोन रुग्ण तिसऱ्याच दिवशी दगावले. त्यांचे तीन दिवस आणि बरे होऊन गेलेल्यांचे तीन दिवस एकाच मापाने कसे मोजायचे? इथे कॅप्लान-मायर (एखादी घटना घडेपर्यंत किती वेळ लागला हे मांडणारी पद्धत) लावावं का? त्यातही मृत्यूचं काय करायचं, हे कुणीतरी सोपं करून सांगा.