सल्ला हवा: मॅच एअर रायफलला छर्रा कुठल्या मापाचा? डायमधून काढून घ्यावा का?

खानापूरकर_बाबा
नमस्कार मंडळी. माझी थोरली दहावीत आहे, बेळगावात १० मीटर एअर रायफल करते. तिच्यासाठी कोल्हापूरच्या एका नेमबाजाकडून जुनी पीसीपी (आधी सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) मॅच रायफल घेतली. सोबत छर्‍यांचे डबे आले, त्यांच्यावर ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर अशी तिन्ही मापं आहेत. कुठलं चालायचं ते विकणाऱ्यालाही आठवत नाही. पोरीचा एक शॉट १०.४ गुणांचा पडतो, लगेच पुढचा ९.६. ती म्हणते छर्रा बॅरलला बसत नाही.

लिव्हर-ॲक्शन (दांडा ओढून काडतूस भरायच्या) रायफलवाल्यांचं थोडं वाचलं. ओतलेली शिशाची गोळी ते डायमधून, म्हणजे नेमक्या मापाच्या भोकाच्या साच्यातून, दाबून काढतात आणि बॅरलपेक्षा किंचित जाड ठेवतात. उद्यमबागेत ओळखीचं मशीन शॉप आहे, तशी डाय करून मिळेल. करून घेऊ, की नवीन डबा मागवू? पैसे एकदाच घालायचेत, म्हणून विचारतोय.

उद्यमबाग_टर्नर
डाय करायची तर करता येईल, पण आधी मापाचं बघा की. ४.४९ आणि ४.५० यांत फरक ०.०१ मिलिमीटरचा. साधा व्हर्निअर ०.०२ दाखवतो, म्हणजे तिथंच विषय संपला. मायक्रोमीटर लावला तर शिसं मऊ, रॅचेटच्या दाबानंच डोकं चेपतं आणि तुम्ही चेपलेलं माप वाचता. डायचं भोक रिमर मारून, लॅपिंग करून त्या टॉलरन्सला आणायचं म्हणजे खर्च आला. एवढं करून डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा सरस माप घरी निघणार नाही. कामाला नाही म्हणत नाही, पण हे काम करू नका असंच सांगेन.

निपाणी_नेमबाज
टर्नरदादांशी सहमत, आणि कारण मापापुरतंच नाही. ओतलेली गोळी आणि आपला छर्रा या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

गोळी भरीव असते. तिच्या अंगाचा बराचसा भाग बॅरलच्या चऱ्यांत (आतल्या पीळदार खाचांत) घट्ट बसावा लागतो. ३०-३० काडतुसाच्या लिव्हर-ॲक्शनचं बॅरल चऱ्यांच्या तळाशी साधारण ०.३०८ इंच, म्हणून ओतलेली गोळी ०.३०९ ते ०.३१० ठेवतात. बारीक राहिली तर जळत्या दारूचा गॅस बाजूनं निसटतो, शिसं कातरतो आणि ते बॅरलच्या आत लिंपलं जातं. तिचं टोक चपटं असतं तेही वेगळ्या कारणानं. नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकापुढे एक असतात, टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (ठोक्यानं पेटणाऱ्या बुडाच्या टोपीवर) टेकलेली कुणालाच नको.

आपल्या छर्‍याला डोकं, बारीक कंबर आणि मागं पोकळ घेर. डोकं चऱ्यांमधल्या उंचवट्यांवर सरकतं, घेर हवेच्या दाबानं फुलून बॅरल सील करतो. चपटं डोकं कागदाला स्वच्छ गोल भोक पडावं म्हणून. आता हा छर्रा डायमधून काढलात तर काय होईल? घेर डोक्यापेक्षा मोठा असतो. डोकं मापात आणायला जाल आणि चेपून बसेल तो घेर. ज्या भागानं सील करायचं तोच बिघडवून ठेवाल. मॅच छर्‍याला डाय लावूच नका.

आणि घरी गोळ्या ओतायचा विचार कुणाच्या मनात येत असेल तर, १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. तो रस्ता नकोच.

खानापूरकर_बाबा
पटलं दादा. डाय रद्द. मग तीन डब्यांतला कुठला, हे कसं ठरवायचं?

निपाणी_नेमबाज
बॅरललाच विचारायचं. आधी बॅरल साफ करा. जुन्या रायफलीत आधीच्या माणसाचं शिसं बसलेलं असतं. ओढायची दोरी आणि फेल्ट, मागून पुढं, लोखंडी सळी अजिबात नको. मग क्लबात व्हाइस (घट्ट धरायचा शिकंजा) असेल तर रायफल त्यात बांधा, मात्र बॅरल किंवा सिलिंडर जबड्यात धरू नका. डबा बदलला की पहिले काही शॉट सोडून द्या, बॅरलला नवीन शिसं रुळू दे. मग दहा-दहा शॉटचे गट, प्रत्येक गटाला नवा कागद. एका गटावर निकाल देऊ नका, प्रत्येक मापाचे तीन-चार तरी होऊ देत.

गटाच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजा आणि ४.५ वजा करा. उरतो तो मध्यापासून मध्यापर्यंतचा पसारा.

आता तुमच्या १०.४ आणि ९.६ कडे या, मला खरं बोलायचंय ते इथं. लक्ष्याच्या मधला १० चा ठिपका ०.५ मिलिमीटरचा, छर्रा ४.५ चा. छर्‍याची कड ठिपक्याला लागली की दहा, म्हणजे भोकाचा मध्य केंद्रापासून २.५ मिलिमीटरच्या आत हवा. दर दशांश गुण ०.२५ मिलिमीटरचा. १०.४ म्हणजे केंद्रापासून दीड मिलिमीटरच्या आत, ९.६ म्हणजे साडेतीनच्या आसपास.

समजा व्हाइसवर तुमचा गट बाहेरून ७ मिलिमीटर आला. वजा ४.५, पसारा २.५. गट केंद्रावर बसवला तर सगळ्यात लांबचा शॉटही १०.५ च्या आसपास पडेल. मग ९.६ कुठून आला? छर्‍यातून नाही. तो श्वास, ट्रिगर, गालाचा टेकू किंवा पायांच्या ठेवणीतून आलाय. पोरीला हे कागदावर मांडून दाखवा. छर्‍यावर संशय ठेवून उभा राहिलेला नेमबाज ट्रिगर मनापासून दाबत नाही, आणि या वयात तो संशय काढणं डबा बदलण्यापेक्षा मोठं काम आहे.

गट बाहेरून १० च्या पुढं गेला तर मात्र तिचं म्हणणं खरं, तेव्हा माप किंवा कंपनी बदला.

शहापूरची_अक्का
माझा मुलगा चार वर्षं करतोय, दोन गोष्टी सांगते. पोरीला डबा हाताळल्यावर साबणानं हात धुवायला लावा. शिसं आहे ते, रेंजवर बिस्किटं खात छर्रे भरणं बंद. आणि खानापुरातला पाऊस काय सांगायचा! डबा उघडा राहिला तर छर्‍यांवर पांढरट पूड धरते, तसले मॅचला वापरू नका. स्पंजचं झाकण तसंच राहू दे, डबा खाली पडला तर आतले घेर चेपतात.

चिकोडी_एअर
जुनी पीसीपी घेतलीय तर सिलिंडरवरची तारीख बघा! बहुतेक मॅच सिलिंडरची मुदत दहा वर्षं. मुदत संपली असेल तर छर्‍याचं राहू दे, आधी सिलिंडर.

उद्यमबाग_टर्नर
हे महत्त्वाचं. २०० बारचा दाब असतो त्यात, मुदत संपलेलं भरू नका आणि आमच्यासारख्या शॉपमध्ये उघडायलाही आणू नका.

खानापूरकर_बाबा
तारीख बघितली, अजून दोन वर्षं आहेत. पोरीला गणित वाचून दाखवलं, ती वही घेऊनच बसली. व्हाइस आमच्या क्लबात नाही. निपाणीत होईल का?

निपाणी_नेमबाज
रविवारी सकाळी या. तिन्ही डबे आणा, आणि ते फोडलेले आहेत की सीलबंद, लॉट नंबर (कुठल्या खेपेत बनले तो) काय, ते डब्याच्या स्टिकरवरून लिहून आणा. जे माप चांगलं निघेल त्याच लॉटचे जास्तीचे डबे मिळतात का बघू. नाही मिळाले तर नव्या लॉटची चाचणी पुन्हा करावी लागेल, माप तेच असलं तरी. पोरीला तिचं जॅकेट आणि बूटही आणू दे, व्हाइसनंतर उभं राहूनही एक कागद मारून घेऊ.