मदत हवी आहे : किलपेकच्या चर्चवरचे दगडी चेहरे

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरमध्ये किलपेकचं चर्च कुणी निवांत पाहिलंय का? साधारण ११४० चं, लालसर वालुकाश्माचं. छपराच्या कडेखाली सभोवार ८५ कोरीव दगड अजून टिकून आहेत. त्यातल्या कुत्रा-सशाच्या जोडीपाशी माझे पाय थबकलेच! दोघं अगदी चिकटून. कुत्र्याचे कान लोंबलेले, सशाचे डोळे वाटोळे. शिकारी आणि शिकार असे जिवलगासारखे का कोरले असतील? त्यातलीच शीला-ना-गिग, म्हणजे योनी उघडून दाखवणारी नग्न स्त्रीमूर्ती, पाहून आपल्याकडची लज्जागौरी आठवली, पण तसा संबंध जोडणं मला घाईचं वाटतं. पुढच्या महिन्यात आईला घेऊन पुन्हा जातेय. याच शैलीतल्या शॉबडनच्या कमानी आणि अर्डिस्लीचं बाप्तिस्माकुंड एका दिवसात होईल का? आणि दक्षिण दारावरच्या नक्षीवर ऊन कधी छान पडतं?