शेवटच्या सहा महिन्यांत संसदेनं कायदे करावेत का?

अर्धा_चहा

८ जानेवारी २०१९. हिवाळी अधिवेशनाचा ठरलेला शेवटचा दिवस. आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण देणारी घटनादुरुस्ती त्या दिवशी लोकसभेत मांडली आणि त्याच रात्री ३२३ विरुद्ध ३ मतांनी मंजूरही झाली. राज्यसभेचं कामकाज एक दिवस वाढवलं, तिथं १६५ विरुद्ध ७. आठवडाभरात लागू. आमच्या सोसायटीत पार्किंगचा ठराव याहून जास्त दिवस चालला होता.

आरक्षण बरोबर की चूक, हा विषय इथं नको, प्लीज. माझं म्हणणं एवढंच: मुदतीचे शेवटचे सहा महिने उरले की सभागृहानं लेखानुदान (पूर्ण अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंतच्या खर्चाची परवानगी) मंजूर करावं आणि घरी जावं. त्या दिवसांत विरोधकही ‘नाही’ म्हणू शकत नाहीत, कारण दोन-तीन महिन्यांत त्यांनाही त्याच मतदाराच्या दारात उभं राहायचं असतं. ३२३ विरुद्ध ३ ही एकजूट मला धास्तीची वाटते.

नांगरट

अजिबात पटलं नाही. कलम ८३ मध्ये लोकसभेची मुदत पाच वर्षं लिहिलीय, साडेचार नाही. उरलेल्या सहा महिन्यांचा पगार खासदारांनी परत करायचा का?

तेलंगणाचं घ्या. १८ फेब्रुवारी २०१४ ला लोकसभेत वेगळ्या राज्याचं विधेयक मंजूर झालं, २० ला राज्यसभेत. पाच दिवस आधी सभागृहात मिरपूड फवारली गेली, मंजुरीच्या वेळी थेट प्रक्षेपण बंद पडलं. शोभा झालीच. पण त्या मागणीसाठी १९६९ मध्ये आंदोलन पेटलं होतं. त्यांना आणखी एका निवडणुकीनंतर या म्हणायचं?

आणि खरं सांगू? आमच्याकडे खासदार पाचव्या वर्षीच दिसतो. जेव्हा ऐकतो तेव्हाच कायदे करू दे की.

तिरका_डोळा

पाचव्या वर्षी दिसतो म्हणजे नशीबवान आहात. आमच्याकडे फक्त त्याचा फ्लेक्स दिसतो.

कमळजा

@अर्धा_चहा, त्याच ८ जानेवारीची दुसरी गोष्ट तुम्ही सोडून दिलीत. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकही लोकसभेनं त्याच दिवशी मंजूर केलं होतं. ते राज्यसभेत मंजूर झालंच नाही आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर मेलं. लोकसभेत प्रलंबित असलेलं किंवा लोकसभेकडून जाऊन राज्यसभेत अडकलेलं विधेयक विसर्जनाबरोबर व्यपगत होतं, कलम १०७. नव्या लोकसभेत ते पुन्हा आणावं लागलं, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये कायदा झाला.

म्हणजे घाईला चाप लावायची सोय घटनेत आहेच. हा चाप उलटाही बसतो, तो भाग वेगळा. महिला आरक्षण विधेयक मार्च २०१० मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, लोकसभेत चार वर्षं नुसतं पडून राहिलं आणि २०१४ मध्ये गेलं. त्या चार वर्षांत कुणाला घाई नव्हती.

अर्धा_चहा

चाप आहे, पण तो सरकारला हवा तेव्हाच बसतो ना! डिसेंबर २०२३ बघा. एका अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित, आणि त्याच अधिवेशनात १८६० चा दंडविधान बदलणारे कायदे मंजूर.

नांगरट

निलंबनाचं समर्थन मी करणार नाही. पण ती विधेयकं ऑगस्टमध्येच मांडली होती, खासदारांच्या स्थायी समितीनं तपासून नोव्हेंबरमध्ये अहवाल दिला, मग सुधारून पुन्हा आली. त्यांना ‘जाता जाता’ म्हणणं बरोबर नाही.

मागचा_बाक

दोघेही विधेयकांवरून भांडताय. मी सरकारी हिशेबात आयुष्य घालवलं, म्हणून माझा डोळा पैशाकडे जातो.

एरवीच्या वर्षी १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो, मग मध्ये सुट्टी असते आणि त्या सुट्टीत खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या स्थायी समित्या तपासतात. कॅमेरा नाही, घोषणा नाहीत. सचिवाला समोर बसवून विचारतात, गेल्या वर्षीचे पैसे का उरले? संसदेचं खरं काम मला तिथं दिसतं.

निवडणुकीच्या वर्षी फेब्रुवारीत लेखानुदान, म्हणजे पूर्ण अर्थसंकल्प येईपर्यंतचा खर्च. २०२४ मध्ये ते चार महिन्यांचं होतं. पूर्ण अर्थसंकल्प आला २३ जुलैला, मंजूर झाला ऑगस्टमध्ये. आणि नव्या लोकसभेच्या समित्या नेमल्या सप्टेंबरच्या अखेरीस! २०१९ लाही तेच: अर्थसंकल्प जुलैत मंजूर, समित्या सप्टेंबरात. अख्ख्या वर्षाचा खर्च समितीच्या नजरेखालून न जाता मंजूर. समित्या नंतर मागण्या तपासतात, पण बिल भरून झाल्यावर मेनूकार्ड वाचण्यासारखं ते.

आणि लेखानुदान म्हणजे निरुपद्रवी, असं समजू नका. लेखानुदानासोबत हंगामी अर्थसंकल्प येतो. १ फेब्रुवारी २०१९ च्या हंगामी अर्थसंकल्पात शेतकऱ्यांना वर्षाला ६००० रुपयांची योजना आली, तीही मागल्या डिसेंबरपासून लागू. पहिला हप्ता २४ फेब्रुवारीला निघाला, आचारसंहिता लागली १० मार्चला. २०१४ मध्ये चिदंबरम यांनीही हंगामी अर्थसंकल्पातच गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी केलं होतं. कुणीच सोवळा नाही. तेव्हा अर्धा_चहा, तुमचं ‘फक्त लेखानुदान करून घरी जा’ हे सरकारच्या पथ्यावरच पडेल.

थेम्सकाठी

इकडचं, ब्रिटनचं सांगते. तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांनी २२ मे २०२४ ला निवडणूक जाहीर केली, २४ ला संसद थांबली. मधल्या दोन दिवसांना ‘वॉश-अप’ म्हणतात. सरकार आणि विरोधक बसून ठरवतात की कुठली विधेयकं पार करायची आणि कुठली सोडायची. पोस्ट ऑफिस प्रकरणात सदोष संगणक प्रणालीमुळे दोषी ठरलेल्या निर्दोषांच्या शिक्षा रद्द करणारं विधेयक पार झालं, सुनक यांचं लाडकं तंबाखूबंदीचं राहिलं. विरोधकांना विचारावं लागतं, एवढा तरी फरक आहे.

तिरका_डोळा

आपल्याकडे विरोधक आणि सरकार एकत्र बसतात ते विमानात.

नांगरट

@मागचा_बाक, दंडवत. समित्या लगेच नेमल्या तर? जूनमध्ये शपथविधी, जूनमध्येच समित्या. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही.

मागचा_बाक

लागत नाही. पण पक्षांनी नावं द्यावी लागतात, आणि अध्यक्षपदं कुणाला किती यावर घोडं अडतं.

अर्धा_चहा

शेवटच्या सहा महिन्यांचं मी मागे घेत नाही. घटनादुरुस्ती तरी त्या काळात नकोच. पण निवडणुकीनंतरचे पहिले तीन-चार महिने माझ्या डोक्यातच नव्हते.

नांगरट

मग शीर्षक बदला.

अर्धा_चहा

संपादनाची मुदत संपली.