नागपुरातल्या प्राथमिक शाळा आणि कागदी वसंत

संत्राबर्फी:
भाचा दुसरीत आहे. शाळेच्या गटावर काल निरोप आला: पुढचा आठवडा ‘स्प्रिंग वीक’. गुलाबी-पिवळे घोटीव कागद, हिरवी स्ट्रॉ आणि कापूस पाठवा. कागदाचे ट्यूलिप होणार, कापसाचा ससा होणार, शुक्रवारी सगळ्यांनी फिकट रंगांचे कपडे घालायचे. शाळेचं नाव सांगत नाही, कारण असे निरोप शहरातल्या निम्म्या शाळांतून येत असणार.

शाळेच्या कुंपणाला लागून काटेसावर आहे. तिच्या लाल, जाड पाकळ्यांच्या फुलांचा खाली खच पडतो आणि रिक्षावाले काका त्यावरून रिक्षा मागे घेतात. सेमिनरी हिल्सला, गोरेवाड्याकडे, अंबाझरीच्या मागे पळस नुसता पेटलाय, अंगावर पान नाही. पिंपळाला तांबूस पालवी फुटतेय. हे सगळं सोडून मार्च महिन्यात नागपूरच्या पोराने ट्यूलिप का कापायचं?

दुसरी तक्रार त्या ‘आठवड्या’ची. आपल्याकडे वसंत एका आठवड्यात मावत नाही. आंब्याला मोहोर जानेवारी-फेब्रुवारीत येतो. काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याचा आंबिया बहारही तेव्हाच फुलतो, बागेजवळून गेलं की गाडीत वास शिरतो. आणि बहावा फुलतो तो थेट एप्रिल-मे मध्ये. म्हणून उपक्रम करायचाच तर जानेवारीत प्रत्येक वर्गाने एक झाड ठरवावं आणि परीक्षेपर्यंत दर आठवड्याला त्याचं चित्र काढावं. कागद लागतो, पेन्सिल लागते, बाकी काही नाही.

चौथी_ब:
मी शिक्षिका आहे, खाजगी शाळेत. तुमचं लिखाण वाचायला छान आहे, पण वर्गात उभं राहून बघा. पंचेचाळीस मुलं, एक मी, आणि मदतनीस ताई तिसरीच्या वर्गातही लागतात. मार्चमध्ये तोंडी परीक्षा, प्रगतिपुस्तकं, स्नेहसंमेलनाचे उरलेले हिशेब. ट्यूलिपचा नमुना तयार मिळतो. छापला, वाटला, चाळीस मिनिटांत काम झालं. त्यात कात्री धरणं, रेषेवर कापणं, घडी घालणं, डिंक बेताने लावणं आलं. दुसरीतल्या मुलाच्या बोटांना हा सराव लागतो. बोटांना फूल ट्यूलिपचं की पळसाचं याने काय फरक पडतो?

आणि मुलांनी फक्त घराजवळचंच बघायचं का? आम्ही पेंग्विनही शिकवतो. नागपुरात पेंग्विन कुठे आहेत?

पोट्टेपाटील:
मॅडम, पेंग्विन शिकवता तं अंटार्क्टिका सांगून शिकवता. ट्यूलिप तुमी ‘बाहेर वसंत आला’ म्हणून शिकवून राहिल्या. माह्या पोरीनं इचारलं, बाबा हे फूल आपल्याइकडे कुठी लागते? मी काय सांगू, श्रीनगरले जाय म्हणू?

अन् वसंत कायचा! नागपुरात हिवाळा सरला का कूलर. ताट्या बदलल्या, पंप चालू झाला का समजायचं ऋतू बदलला. तेच काढाले सांगा पोट्ट्यायले चित्रात.

चौथी_ब:
पाटीलभाऊ, कूलरचं चित्र मी खरंच काढायला लावलं असतं, पण त्याला कोणी वसंत म्हणणार नाही आणि पालक मला विचारतील.

झेडपीचा_मास्तर:
दोन्ही बाजू शहरातल्याच दिसतात, म्हणून लिहितो. माझी शाळा उमरेडच्या पलीकडे, जंगलाला लागून. माझ्या पोरांना पळस ‘दाखवायची’ गरज नाही. पळस म्हणजे त्यांच्या घरी पत्रावळी, सरपण, शेळीचा पाला. शहरात तुम्हाला जे हरवल्यासारखं वाटतं, त्याचा आमच्याकडे कंटाळा आहे. मी एकदा रंगीत कागदाची फुलं केली तर वर्ग उड्या मारत होता, कारण गुळगुळीत रंगीत कागद त्यांच्या हाताला रोज लागत नाही. स्थानिक तेच चांगलं असा सरसकट नियम मला मान्य नाही.

आमचा खरा वसंत मोहाचा. मार्च-एप्रिलमध्ये फुलं रात्री-पहाटे गळतात आणि अख्खं घर अंधारात वेचायला जातं, पोरंसुद्धा. सकाळच्या शाळेत पहिल्या तासाला अर्धा वर्ग रिकामा. रागावून उपयोग नाही, ते त्यांच्या घरचं उत्पन्न आहे. म्हणून मी मोहच वर्गात आणला. ओली फुलं तराजूत तोलायची, वाळल्यावर पुन्हा तोलायची, वजाबाकी करायची. चौथीची पोरं भाव लावून नफा काढतात. मग प्रश्न: झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ केली तर वेचणं सोपं होतं, पण आग जंगलात गेली तर? या प्रश्नावर वर्गात भांडण होतं, कारण कोणाचे तरी वडील ते करतात. परिसर अभ्यासाच्या पुस्तकातला कोणताही धडा इतका रंगत नाही.

संत्राबर्फी:
गुरुजी, हे तर माझ्याच बाजूचं झालं की! मोह तुमच्या दारातला आहे म्हणूनच वजाबाकी जमली.

झेडपीचा_मास्तर:
नाही ताई. मोह त्यांच्या कामाचा आहे म्हणून जमली. दारात बाभूळही आहे, तिच्यावर कोणी भांडत नाही.

मानेवाड्याच्या_काकू:
वादात पडत नाही, कृती सांगते. गळलेली पळसफुलं सावलीत वाळवायची. रात्री पाण्यात भिजवा किंवा दहा-पंधरा मिनिटं उकळा, पिवळा रंग उतरतो. दोन वाट्यांत गाळून घ्या. एकीत पानाचा चुना, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, टाका. रंग लगेच केशरी होतो. मुलांचे डोळे बघण्यासारखे होतात. पांढरा सुती रुमाल आधी तुरटीच्या पाण्यातून काढून पिवळ्या वाटीत बुडवला तर रंग चांगला धरतो. चुन्याला हात मोठ्यांनीच लावायचा, डोळ्यांत गेला तर वाईट. आमच्या लहानपणी धुळवडीला हाच रंग असायचा, पिचकारी बांबूची. आता सोसायटीत पाण्याचे फुगे असतात आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर.

तुकतुक:
काकू, रंग सुंदर होतो, मान्य. पण ‘गळलेली’ हा शब्द शाळेच्या गटावर पोचेपर्यंत गळून जातो. एका शाळेने पळसफुलं आणायला सांगितली की पालक कार थांबवून फांद्या मोडतात, हे गोरेवाड्याच्या रस्त्यावर दिसतं. पळसाच्या फुलात मध असतो. मैना, शिंजीर, कोतवाल, पोपट सगळे त्यावर येतात. फूल तोडलं की त्यांचं दुकान बंद.

माझं म्हणणं, हात न लावता करा. सकाळी साडेसातला वर्ग काटेसावरीखाली बसवा. प्रत्येकाने एक पक्षी निवडायचा आणि तो किती वेळा फुलावर आला तेवढ्या रेघा ओढायच्या, पाचवी रेघ आडवी. वर्गात येऊन रेघा मोजल्या की स्तंभालेख तयार. ‘टुक-टुक-टुक’ असा एकसुरी आवाज आला तर तो तांबट, तो दिसत नाही आणि पोरं त्याला शोधण्यात हरवतात. २० मार्चला चिमणी दिन असतो. त्या दिवशी शाळेत चिमणीचे मुखवटे करतात, त्याऐवजी शाळेच्या आवारात चिमण्या किती हे मोजायला काय हरकत आहे? ‘सीझनवॉच’ या उपक्रमात तर मुलं दर आठवड्याला एकाच झाडाची पानं, कळ्या, फुलं, फळं यांची नोंद पाठवतात. संत्राबर्फीताई म्हणतात तेच, आणि नोंद पुढे कोणाच्या तरी अभ्यासाला उपयोगी पडते.

दम्याच्या_मुलाची_आई:
सगळे इतक्या उत्साहाने मुलांना झाडाखाली बसवताय. मार्चमध्ये नागपूरचं तापमान ३६-३७ पर्यंत जातं आणि महिना संपता संपता चाळिशी दिसू लागते. माझ्या मुलाला धुळीने त्रास होतो. गेल्या वर्षी ‘निसर्गभ्रमण’ म्हणून दहा वाजता मैदानात नेलं, टोपी नाही, पाणी वर्गात. मला कागदाचं ट्यूलिप परवडलं. पंख्याखाली बसून तरी होतं.

तुकतुक:
साडेसात म्हणालो, दहा नाही. पण तुमचं बरोबर आहे, ज्यांना त्रास होतो त्यांना व्हरांड्यातून मोजू द्यावं. रेघा तिथूनही ओढता येतात.

दम्याच्या_मुलाची_आई:
‘द्यावं’ हे तुम्ही लिहिता. शाळेत ते ‘सगळ्यांनी रांगेत चला’ असं होतं.

गणिताच्या_बाई:
फुलं, पक्षी, कागद, सगळं झालं. सूर्याचं कोणी बोललं नाही. ऋतू त्याच्यामुळे बदलतात ना? एक मीटरची काठी सरळ उभी करा आणि भर दुपारची सावली मोजा. नागपूर २१ अक्षांशाच्या जरा वर आहे. २२ डिसेंबरला ही सावली जवळजवळ काठीएवढीच, ९८ सेंटिमीटरच्या आसपास भरते. २१ मार्चला, दिवस-रात्र समान असताना, ती ३९ सेंटिमीटरवर येते. आणि २६ मेच्या सुमारास नाहीशीच होते, शून्य सावली. तीन तारखा, तीन दोऱ्या कापून भिंतीवर शेजारीशेजारी चिकटवा. चौथीच्या मुलाला ऋतुचक्र यापेक्षा चांगलं मी तरी समजावू शकत नाही. खर्च शून्य.

पोट्टेपाटील:
बाई, २६ मे म्हंजे नवतपा, सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस! त्या दिवशी बारा वाजता गच्चीवर काठी घेऊन कोन उभं राहीन? सावलीसंगं पोट्टंबी गायब होईन.

चौथी_ब:
शिवाय मार्चमध्ये सकाळची शाळा असते. नागपुरात सूर्य डोक्यावर येतो साधारण १२.२० ला, तोपर्यंत आमच्या बसगाड्या निघालेल्या असतात. मे मध्ये सुट्टीच. विदर्भात शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून जूनअखेरीस उघडतात, त्याचं कारणही हेच ऊन. बाई, तुमच्या तीन तारखांपैकी शाळेत एकच सापडते, डिसेंबरची.

गणिताच्या_बाई:
मग ती शाळेत करा आणि बाकीच्या घरी द्या. अंगणात किंवा गच्चीवर पाच मिनिटं, मोठं माणूस सोबत. आणि बाराला नको असेल तर रोज साडेआठची सावली मोजा. आकडे वेगळे येतील, पण सावली आखूड होत जाते हे दिसेलच. सबबी शोधायच्या ठरवल्या तर ट्यूलिपलाही सापडतील.

चौथी_ब:
सबबी नाहीत, वेळापत्रक आहे. गटावर पालक रात्री अकराला विचारतात, ‘आज काय करवून घेतलं?’ त्यांना फोटो हवा असतो. ट्यूलिपचा फोटो येतो. झाडाकडे बघण्याचा फोटो कसा काढू? पंचेचाळीस पाठमोऱ्या मुलांचा? शनिवार आनंददायी करा म्हणतात, त्या शनिवारचेही फोटो मागतात.

झाड ठरवून दर आठवड्याला चित्र, हे मला पटतं, कारण ते वर्गाच्या खिडकीतूनही होईल. आमच्या खिडकीतून पिंपळ दिसतो. पण ते जानेवारीत सुरू करायला हवं होतं. आता मार्चमध्ये मोहोर संपून कैऱ्या लागायला आल्यात. यंदा ट्यूलिपच होणार, ते मी बदलणार नाही.

संत्राबर्फी:
यंदा निदान ट्यूलिपच्या जागी त्याच कागदाचा पळस? तीन पानं, केशरी पाकळ्या पोपटाच्या चोचीसारख्या वाकवलेल्या. कात्री, घडी, डिंक सगळं तेच.

चौथी_ब:
फुललेल्या पळसाला पानं नसतात, असं वर तुम्हीच लिहिलंय.

पोट्टेपाटील:
आता बोला!

तुकतुक:
उघड्या फांदीवर काळपट, मखमली कळ्या आणि त्यातून केशरी फुलं, एवढंच करा. पानं जूनमध्ये, शाळा उघडल्यावर.

मानेवाड्याच्या_काकू:
मास्तरांना विचारायचं होतं, मोहाची फुलं शहरातल्या वर्गात आणली तर? सोसायटीतल्या मुलांना लाडू करून देता येतील.

चौथी_ब:
काकू, मोह म्हटलं की पालकांना दारूच आठवते. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर तक्रार.

झेडपीचा_मास्तर:
वर्गात नका आणू. पोरांना इकडे आणा, लाडू आमच्या पोषण आहाराच्या ताई करून देतील. फक्त शहरातून अंधारातच निघा. सातनंतर आलात तर झाडाखाली फुलं नसतात, बाया वेचून घरी गेलेल्या असतात. आणि येताना तो ट्यूलिपचा नमुना आणा, चाळीस प्रती, रंगीत कागदासकट.