गर्दपेक्षा दारू परवडली?

'गर्दपेक्षा दारू परवडली, निदान घरात कोंडून सोडवता तरी येते' असं काही जण म्हणतात (गर्द म्हणजे ब्राउन शुगर, भेसळीचं हेरॉइन). कृपा करून दारू सोडवायला कुणाला असं कोंडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की 6 ते 24 तासांत हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काही जण अंगावर नसलेले किडे झटकू लागतात, बायकोला ओळखत नाहीत. लोक बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावत बसतात, आणि यात जीव जातो. सरळ दवाखान्यात न्या. तिथे त्रास आवरणाऱ्या गोळ्या देऊन त्यांचा डोस हळूहळू उतरवतात, ग्लुकोजच्या आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-1) देतात.

ब्राउन शुगर तोडली की उलटं. जुलाब, उलट्या, हाडं मोडल्यासारखी अंगदुखी. माणूस गडबडा लोळतो, पण त्यात सहसा दगावत नाही. धोका पुढे असतो. व्यसनमुक्ती केंद्रातून महिन्याभराने घरी आला की शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. जुन्याच मापाने घेतलं तर श्वास थांबतो. घरचे 'सुटला एकदाचा' म्हणून निर्धास्त होतात ते नेमके तेव्हाच.

घरच्यांची फरफट मात्र दोन्हीकडे सारखीच. 'साहेब, यांना ताप आहे' असा फोन बायकोनेच करायचा, उधारीही तिनेच फेडायची. हे थांबवायला तिलाही मदत लागते. अल-अनॉन या मदतगटाच्या सभा खास दारू पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी असतात. आणि आमटीत चोरून डायसल्फिरम (दारू सोडवण्यासाठीचं औषध) कालवू नका. त्यावर तो दारू प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो. कुठे न्यायचं कळत नसेल तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.